कोरा लॅपटॉप : पाच हजार वाचतात की वाढतात?

"मामा, दोन्ही सेम तर आहेत. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, स्क्रीनपण तीच. मग हा पाच हजारांनी स्वस्त का?"

भाचीला मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली त्या आठवड्यातली गोष्ट. शेजारी शेजारी मांडलेल्या दोन लॅपटॉपांच्या चिठ्ठ्या ती आलटून पालटून वाचत होती. मी तोंड उघडायच्या आत काउंटरवरच्या मुलाने उत्तर दिलं, "ताई, हाच घ्या. यात डॉस आहे. विंडोज मी मारून देतो. वर ऑफिस, अँटिव्हायरस सगळं फ्री."

मराठीत शिक्का मारतात, रंग मारतात, फॉरमॅट मारतात आणि डल्लाही मारतात. त्याचं 'मारून देतो' यातल्या कशाच्या जवळचं आहे हे बघायला मी विचारलं, "बिलावर विंडोजची वेगळी ओळ लिहाल का? लायसन्सची?"

तो हसला. "ते कसं लिहिणार काका? बिल लॅपटॉपचं असतं."

तुम्हीही कोऱ्या, म्हणजे विंडोज न घातलेल्या, लॅपटॉपच्या विचारात असाल, तर दुकानात सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारा. उत्तर मिळालं की आपण नक्की काय विकत घेतोय ते निम्मं कळतं. उरलेलं निम्मं समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

चालू होतो, पण पुढे काय?

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखा यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, नसलेला लॅपटॉप म्हणजे बंद पडलेला लॅपटॉप, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुने लोक त्याला बायोस म्हणतात. हल्लीच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण दुकानात अजून 'बायोस'च म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. हा प्रोग्राम रॅम तपासतो, कीबोर्ड आहे का बघतो, डिस्क शोधतो आणि शेवटी डिस्कवर एक गोष्ट हुडकतो : यंत्राचा ताबा पुढे कुणाला द्यायचा. विंडोज असेल तर विंडोजला, लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) असेल तर लिनक्सला. कुणीच नसेल तर काळ्या पडद्यावर 'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही' अशा अर्थाची एक ओळ येते आणि यंत्र तिथेच थांबतं. शेगडी चांगली आहे, सिलिंडर जोडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग चिठ्ठीवरचं 'डॉस' काय असतं? ते आपल्यातल्या काहींनी शाळेच्या संगणक कक्षात बूट बाहेर काढून, फ्लॉपी घालून बघितलेलं एमएस-डॉस, म्हणजे मायक्रोसॉफ्टची विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची सिस्टिम, नव्हे. ते असतं फ्रीडॉस. मायक्रोसॉफ्टचं लक्ष विंडोजकडे वळलं आणि एमएस-डॉसचे दिवस भरत आले, तेव्हा जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ च्या जूनमध्ये जाहीर केलं, की आपण सगळे मिळून फुकट आणि खुलं डॉस लिहूया. ते काम आजतागायत चालू आहे. जुने गेम, जुन्या मशीनचे कंट्रोलर, बायोस अपडेट करायची जुनी साधनं यासाठी लोक ते आवडीने वापरतात. पण त्यात कॉलेजचा प्रोजेक्ट करायचा नाही आणि व्हॉट्सॲप वेबही उघडायचं नाही. लॅपटॉप कंपन्यांच्या दृष्टीने ते रिकाम्या खुर्चीवर टाकलेल्या रुमालासारखं आहे : जागा रिकामी नाही एवढं दिसावं. २००२ मध्ये डेलने अमेरिकेत एन-सिरीज नावाचे संगणक काढले, तेव्हा तर हार्ड डिस्क कोरीच होती आणि फ्रीडॉसची डिस्क खोक्यात वेगळी ठेवलेली असायची.

यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रीडॉसला जुन्या पद्धतीचा बायोस लागतो आणि आजच्या कित्येक लॅपटॉपांत तो उरलेलाच नाही. त्यामुळे काही मॉडेलांमध्ये कंपनी आधी गुपचूप एक छोटं लिनक्स चालू करते, त्या लिनक्समध्ये एक आभासी संगणक उभा करते आणि त्या आभासी संगणकात फ्रीडॉस चालवून दाखवते. म्हणजे लिनक्स आत आहे, पण खोक्यावर नाव मात्र डॉसचं!

चिठ्ठीवर डॉसऐवजी 'उबंटू' किंवा 'लिनक्स' लिहिलेलं असेल तर ते वेगळं. उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार; त्यात खरंच वापरता येण्याजोगी सिस्टिम असते. आणि सुट्या भागांतून जुळवलेला डेस्कटॉप, मग तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुळवा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, तो मुळातच कोरा असतो. तिथे कुणी चिठ्ठीवर डॉस लिहायची तसदीही घेत नाही.

पाच हजारांचा हिशेब

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा विंडोजवाला ४५ हजारांना आहे आणि डॉसवाला ४० हजारांना. विंडोज ११ होमचं लायसन्स आपण स्वतः, सरळ मार्गाने विकत घ्यायला गेलो, तर ते साधारण दहा हजारांच्या घरात जातं. म्हणजे डॉसवाला लॅपटॉप अधिक विकतचं विंडोज मिळून झाले ५० हजार. जो स्वस्त म्हणून उचलला तोच पाच हजारांनी महाग पडला.

असं का होतं? लॅपटॉप कंपनी लाखोंनी लायसन्स घेते, त्यामुळे तिला ते आपल्यापेक्षा खूपच कमी दरात मिळतं. शिवाय नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये महिनाभराचा अँटिव्हायरस, कसले कसले गेम, 'ट्रायल'वाली ॲप असा जो लोंढा भरून येतो, तो फुकट येत नाही. तो भरण्याबद्दल ते ॲपवाले लॅपटॉप कंपनीला पैसे मोजतात. विंडोजचा खर्च त्यातून थोडा भरून निघतो. म्हणून कधी कधी डॉसवाल्याची किंमत विंडोजवाल्याच्या जवळपास तेवढीच दिसते आणि सेलमध्ये तर विंडोजवालाच खाली येतो. त्यात आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपांबरोबर ऑफिसही येतं, वर्ड आणि एक्सेल. डॉसवाल्यात तेही नसतं. तुलना करताना ही ओळ नेमकी सुटते.

तेव्हा 'विंडोज घालूनच वापरायचाय' असं ठरलेलं असेल आणि काम सरळ करायचं असेल, तर विंडोजवाला लॅपटॉप घ्या. हे लिहिताना मला आनंद होत नाही, मी स्वतः पंधरा वर्षं लिनक्सवर आहे. पण हिशेब हिशेबच असतो.

हा हिशेब एका ठिकाणी उलटतो. विंडोजचं लायसन्स मुख्यतः दोन प्रकारचं असतं. लॅपटॉपबरोबर येतं ते त्या यंत्राला, खरं तर त्याच्या मदरबोर्डला बांधलेलं असतं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून त्याची 'की', म्हणजे लायसन्स खरं आहे हे पटवणारा लांबलचक कोड, लॅपटॉपच्या चिपमध्येच लिहिलेली असते. म्हणून फॉरमॅट करून तेच विंडोज परत घातलं तर ते की न विचारता ॲक्टिव्हेट होतं. पण ते दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. याउलट दुकानातून किंवा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून सुटं घेतलेलं रिटेल लायसन्स जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतं, एका वेळी एकाच यंत्रावर. तुमच्या जुन्या डेस्कटॉपवर असं रिटेल लायसन्स असेल आणि तो आता भंगारात जाणार असेल, तर डॉसवाला लॅपटॉप तुमच्यासाठी खरोखरच पाच हजारांनी स्वस्त आहे.

आणखी एक बारकी गोष्ट. आपल्याकडच्या लॅपटॉपांत बहुतेक वेळा जी आवृत्ती येते तिचं नाव 'होम सिंगल लँग्वेज'. नावाप्रमाणे तिच्यात मेनू-खिडक्यांची भाषा एकच ठेवता येते, इंग्रजी तर इंग्रजी. मराठी टायपिंग चालतं, मराठी फाइली उघडतात, फक्त संपूर्ण विंडोज मराठीत करून बघायची हौस भागत नाही.

'मारलेलं' विंडोज

कोऱ्या लॅपटॉपवर तीन-चारशे रुपयांत जे विंडोज चढतं, त्याच्या आत काय असतं? बऱ्याचदा केएमएस नावाची युक्ती.

मोठ्या कंपन्यांत शेकडो संगणक असतात. प्रत्येकाला वेगळी की देत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टने सोय केली, की कंपनीने आपल्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर ठेवायचा आणि बाकीच्या संगणकांनी त्याला 'आम्ही आपलेच ना?' असं विचारून ॲक्टिव्हेट व्हायचं. हा होकार १८० दिवस टिकतो. त्याच्या आत संगणक पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि मुदत वाढत राहते. दुकानातला मुलगा जो ॲक्टिव्हेटर चालवतो, तो तुमच्याच लॅपटॉपमध्ये असा खोटा सर्व्हर बसवतो किंवा बाहेरच्या कुठल्यातरी खोट्या सर्व्हरचा पत्ता लिहितो. घरातल्या घरात आपणच आपल्याला दाखला देण्यातला प्रकार.

ओळखायचं कसं? सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडा. तुमच्या घरच्या लॅपटॉपवर 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने ॲक्टिव्हेट झालंय' अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत दिसलं, तर ही संस्था कोणती, असा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा.

माझी मोठी तक्रार कायद्यापेक्षा वेगळी आहे. हे ॲक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, नाहीतर तो त्यांना पकडतो. म्हणजे कुणी लिहिलाय ते माहीत नाही, कुठून उतरवलाय ते माहीत नाही, असा प्रोग्राम आपण पहारेकऱ्याला रजेवर पाठवून, सगळे अधिकार देऊन घरात घेतो. त्यातले कित्येक ॲक्टिव्हेटर पासवर्ड चोरणारा माल बरोबर घेऊन फिरताना सापडलेले आहेत. आणि त्याच लॅपटॉपवर मग आपण नेटबँकिंग करतो. गावातल्या एका ओळखीच्या सायबर कॅफेवाल्याकडे एकदा लोकांच्या सातबाऱ्यांच्या आणि आधारच्या फाइली एका सकाळी उघडेनाशा झाल्या, वर पैसे मागणारी चिठ्ठी. कॅफेतल्या पाचही मशीनवर 'मारलेलं' विंडोज होतं. त्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण अँटिव्हायरस पाचही ठिकाणी बंद होता.

कायद्याचंही सांगून टाकतो. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं ६३-बी हे कलम संगणक प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठीच आहे : किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. घरच्या विद्यार्थ्याच्या दारात कुणी येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सीएचं ऑफिस, आर्किटेक्टचं ऑफिस, छोटा कारखाना यांनी 'कुणी येत नाही' यावर धंदा उभा करू नये.

ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजिनल की'चं काय? त्या बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीला किंवा शाळेला दिलेल्या असतात आणि सुट्या करून विकलेल्या असतात. आज चालतात, उद्या मायक्रोसॉफ्टने ती की रद्द केली की पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट करा' येऊन बसतं. त्यापेक्षा एक साधी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते : विंडोजची इन्स्टॉलेशनची फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट उतरवता येते आणि की न घालता ते चालतंही. कोपऱ्यात पुसट अक्षरं राहतात, वॉलपेपर-रंग बदलता येत नाहीत. करारानुसार ते कायमचं वापरणं बरोबर नाही, पण लायसन्स घेईपर्यंतची वेळ निभावायला अनोळखी ॲक्टिव्हेटरपेक्षा ते लाख पटीने सुरक्षित.

मुळात विंडोज सगळीकडे चिकटून का येतं?

लोकांना आवडतं म्हणून, हे खरंच आहे. पण त्याच्या मागे एक जुना करारही आहे. १९९० च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट संगणक कंपन्यांशी 'दर प्रोसेसरमागे' पैसे घ्यायचा करार करायचं. कंपनीने अमुक प्रोसेसरचे जितके संगणक विकले तितक्यांचे पैसे भरायचे, मग त्यात मायक्रोसॉफ्टचं डॉस घातलेलं असो वा नसो. आता बघा, एखाद्या कंपनीला डीआर-डॉससारखं दुसऱ्याचं डॉस घालून विकायचं असेल तर तिला पैसे दोनदा मोजावे लागणार. कोण मोजेल? अमेरिकेच्या न्याय खात्याने याविरुद्ध पाऊल उचललं, १९९४ च्या जुलैमध्ये तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने असे करार थांबवायचं मान्य केलं. न्यायालयाचं शिक्कामोर्तब १९९५ मध्ये झालं. तोवर वाट पडून गेली होती. संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण दुकानदारांच्या, ग्राहकांच्या आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं झालं होतं.

लिनक्सवाले या न मागता भरलेल्या पैशांना 'विंडोज टॅक्स' म्हणू लागले. विंडोजच्या करारातच त्या काळी लिहिलेलं असायचं, की अटी मान्य नसतील तर न वापरलेलं सॉफ्टवेअर परत करून परताव्यासाठी विक्रेत्याशी बोला. १५ फेब्रुवारी १९९९ ला काही मंडळी हे वाक्य हातात घेऊन कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर सिटीमधल्या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयात गेली. परतावा काही मिळाला नाही. ज्यांनी संगणक बनवलाय त्यांच्याकडे जा, एवढं सांगून बोळवण झाली.

पुढे युरोपात हा वाद न्यायालयांत गेला आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागले. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ग्राहकाच्या बाजूने कौल दिला, की विंडोज नको असेल तर लॅपटॉप ठेवून विंडोजचे पैसे परत मागता येतात. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, फ्रान्समधल्या एका ग्राहकाच्या सोनीविरुद्धच्या खटल्यात युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने म्हटलं, की सॉफ्टवेअर घालून संगणक विकणं आणि प्रत्येक प्रोग्रामची किंमत वेगळी न सांगणं ही मुळातच अनुचित व्यापारी प्रथा ठरत नाही. आजच्या विंडोजच्या करारातही परताव्याचं वाक्य आहे, पण सोबत मेख मारलेली आहे : कंपनीचं धोरण तसं असेल तर अख्खा लॅपटॉपच परत करावा लागेल. थोडक्यात, आधी विंडोजवाला घेऊ आणि मग पैसे परत मागू, या बेतावर कुणी विसंबून राहू नये. विंडोज नको असेल तर ते खरेदीच्या वेळीच नको म्हणायचं, आणि डॉसवाला लॅपटॉप ही ते म्हणायची सोय आहे.

लिनक्स घालणार असाल तर

मग कोरा लॅपटॉप हाच तुमचा लॅपटॉप. उबंटू, लिनक्स मिंट, फेडोरा यांना पैसे पडत नाहीत. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. एप्रिल २०२४ ची २४.०४ ही त्यातली एक. आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेने बनवलेली 'बॉस' नावाची भारतीय लिनक्सही आहे. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड सगळ्यांत तयार असतो आणि पुरवण्या घातल्या तर रोमन अक्षरांवरून उच्चारानुसारही लिहिता येतं. लिनक्सवर मराठी अक्षरं मोडायची, ते दिवस गेले.

पण उडी मारायच्या आधी एक कागद घ्या आणि रोज कोणते प्रोग्राम उघडता ते लिहा. ब्राउझर, मेल, पीडीएफ, गाणी, व्हिडिओ, पायथन, जावा असेल तर निर्धास्त घ्या, उलट प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला लिनक्स जास्त सोयीचं. यादीत टॅली आलं की थांबा. टॅली विंडोजवर चालतं. डीटीपीचं काम श्री-लिपीत करत असाल तर थांबा. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्ससारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर असेल तर थांबा. ई-टेंडर भरत असाल, त्यासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावत असाल, तर तो लिनक्सवर चालवून घेणं शक्य असलं तरी टेंडरच्या शेवटच्या तासात ते प्रयोग करायचे नसतात. व्हॅलोरंटसारखे फसवणूक रोखणारी यंत्रणा खोलवर बसवणारे गेमही लिनक्सवर चालत नाहीत. वाइन नावाच्या प्रोग्रामने विंडोजचे बरेच प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर पोट आहे ते काम वाइनच्या भरवशावर ठेवू नये.

दुसरी तपासणी यंत्राची. घरूनच आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू तयार करून न्या. ती इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालते. सीलबंद विंडोज लॅपटॉपला दुकानदार हात लावू देणार नाही, पण डॉसवाल्यात बिघडण्यासारखं काही नसतं, त्यामुळे तिथे बहुधा हरकत घेत नाहीत. पाच मिनिटांत वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं सगळं कळतं. लॅपटॉप मिटवून परत उघडून बघा, झोपेतून उठतो का ते. बोटांच्या ठशाचा सेन्सर बऱ्याचदा चालत नाही, तेवढ्यासाठी लॅपटॉप नाकारू नका. उबंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी कोणती मॉडेल तपासून झाली आहेत त्याची यादी साइटवर देते, तीही बघून जा.

वॉरंटीची भीती घालणारे भेटतील. हार्डवेअरची वॉरंटी हार्डवेअरची असते. आत कोणती सिस्टिम आहे यावरून स्क्रीन किंवा कीबोर्ड बदलून द्यायला नकार मिळायला नको. सॉफ्टवेअरच्या तक्रारीला मात्र कुणी उभं करणार नाही, हे गृहीत धरा.

विंडोज घालताना अडतं ते दोन ठिकाणी

रिटेल लायसन्स हातात आहे आणि कोऱ्या लॅपटॉपवर स्वतः विंडोज घालायचंय, तर पेनड्राइव्ह बनवणं सोपं. मायक्रोसॉफ्टचं साधन किंवा रूफस नावाचा फुकट प्रोग्राम वापरा. माणसं अडकतात ती पुढे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत इन्स्टॉलर 'डिस्कच सापडत नाही' म्हणतो आणि लोक एसएसडी, म्हणजे ती डिस्क, खराब म्हणून दुकानात भांडायला जातात. एसएसडी धडधाकट असते; इंटेलचा व्हीएमडी नावाचा जो थर मध्ये असतो, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग ओळखून चालवणारा छोटा प्रोग्राम, इन्स्टॉलरकडे नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून 'रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'वर टिचकी मारून तो दाखवा. डिस्क लगेच दिसते.

दुसरी अडचण त्याहून विनोदी. विंडोज ११ चा सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. फोन यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग चालू करून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, काम झालं.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड आणि लॅटिट्यूड बाजारात 'ओएस नाही' म्हणून स्वस्तात मिळतात. २०१२ नंतरच्या अशा यंत्रांच्या चिपमध्ये बऱ्याचदा विंडोज प्रोची की मूळचीच असते. फुकट उतरवलेलं विंडोज प्रो घालून बघा, आपोआप ॲक्टिव्हेट झालं तर लॉटरी. मात्र विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. त्याआधीच्या यंत्रांना लिनक्सच शोभतं.

भाचीने शेवटी विंडोजवाला घेतला. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स लागणार होतं, विषय संपला. दुकानातून निघताना तो मुलगा मला म्हणाला, "काका, तुम्हालाच घ्यायचा असता तर डॉसवाला घेतला असता ना?"

पुढच्या महिन्यात घेतला. उबंटूची पेनड्राइव्ह घेऊनच गेलो होतो. काउंटरवरच ती लावली, वायफाय जोडलं, गाणं वाजवून बघितलं. तो पूर्ण वेळ मान तिरकी करून पडद्याकडे बघत होता.

"भारी आहे. फुकट?"

"फुकट."

"व्हायरस?"

"नसल्यासारखाच."

त्याने माऊस हातात घेऊन दोन-तीन मेनू उघडले, मिटले. मग हळूच विचारलं, "टॅली चालतं का यात?"

"नाही."

"मग आमच्या गिऱ्हाइकाला काय सांगू, काका?" म्हणत त्याने माऊस माझ्याकडे सरकवला आणि बिलबुक उघडलं.